पाच सेंटचा डबा

परवा तळघर आवरताना कॉफीचा एक जुना पत्र्याचा डबा हाती लागला. झाकणाला मधोमध चीर पाडलेली आणि अंगावर चिकटपट्टी लावून माझ्याच अक्षरात लिहिलेले: 'इंग्रजी शब्द - ५ सेंट'. यजमानांनी तो फेकायच्या ढिगात घातला होता. मी तो परत वर आणला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला. शाळा आणि शिस्त या विषयावर पुरवणीसाठी काहीतरी लिहा, असे संपादकांनी सांगून दोन महिने होऊन गेले होते. डबा समोर आल्यावर आणखी टाळाटाळ करणे बरे दिसेना.

डब्याची हकीकत सांगणारच आहे. पण ती घडली तेव्हाच्या इथल्या शाळा कशा होत्या, हे आधी सांगायला हवे. आपल्यापैकी पुष्कळांची अशी समजूत असते की कॅनडातल्या शाळा पहिल्यापासूनच अशा मोकळ्याढाकळ्या. मुले गालिच्यावर फतकल मारून बसणार, बाई त्यांच्यात गुडघे टेकून बोलणार, आणि मार? छे, मार तो फक्त आपल्याकडे. १९७५च्या जानेवारीत टोरांटोच्या विमानतळावर उतरले ती मी हीच समजूत घेऊन. त्याआधी चार वर्षे मी सांगली जिल्ह्यातल्या एका मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि तिथे बोटांच्या पेरांवर फूटपट्टी मारलेली आहे, हे कबूल करून टाकते. इकडे येताना आपण मागासलेल्या पद्धतीकडून सुधारलेल्या पद्धतीकडे चाललो आहोत, असे मनात होते.

खरी गोष्ट अशी की टोरांटोच्या शाळांमधून 'स्ट्रॅप' जाऊन तेव्हा चारच वर्षे झाली होती. हा स्ट्रॅप म्हणजे रबर चढवलेल्या जाड कापडी पट्ट्याचा तुकडा. तो मुख्याध्यापकांच्या खोलीत, बहुधा टेबलाच्या खणात असे. पोराने तळहात पुढे करायचा आणि मोजून फटके घ्यायचे. कुणाला, कशाबद्दल, किती, याची वहीत नोंद व्हायची. आपल्याकडच्या मास्तरांच्या छडीला नोंदवही नव्हती, एवढाच काय तो फरक. टोरांटो बोर्डाने हा पट्टा १९७१ साली बंद केला. सबंध प्रांतातून तो काढणारा पहिला प्रांत ब्रिटिश कोलंबिया, १९७३ साली. इतर ठिकाणी तो आपापल्या सवडीने गेला. २००४ सालच्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने शिक्षकांनी शिक्षा म्हणून मुलांवर हात उचलायचा नाही, असे स्पष्ट केले तेव्हा कुठे देशभर त्यावर कायद्याची मोहोर उमटली. भारतात शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली झाला आणि त्यात शारीरिक शिक्षेला बंदी आली. म्हणजे कागदावर पाहिले तर दोन देशांत पाच वर्षांचे अंतर. वर्गात किती आहे ते ज्याने त्याने आठवून पाहावे.

पट्टा आपोआप गेला नाही. त्यामागे एक अहवाल होता. त्याचे नाव आज इथल्या तरुण शिक्षकांनाही फारसे माहीत नसते, पण माझ्या पिढीच्या शिक्षकांत त्यावरून जेवणाच्या टेबलावर भांडणे होत. ओंटारिओचे तेव्हाचे शिक्षणमंत्री बिल डेव्हिस यांनी १९६५ साली एक समिती नेमली आणि अध्यक्ष केले न्यायमूर्ती एमेट हॉल यांना. हे हॉल आपल्याला दुसऱ्या कारणाने जवळचे आहेत. डॉक्टरकडे गेल्यावर आपण आरोग्य विम्याचे कार्ड पुढे करतो आणि पैशांची बात निघत नाही, ती व्यवस्था १९६४च्या त्यांच्याच आयोगाच्या अहवालातून देशभर आली. त्यांचे जोडीदार लॉइड डेनिस हे मात्र शाळेतले गृहस्थ, टोरांटोतले मुख्याध्यापक. दोघांच्या नावाने हा अहवाल 'हॉल-डेनिस' म्हणून ओळखला जातो. छापील नाव 'लिव्हिंग अँड लर्निंग', साल १९६८, शिफारशी २५८.

अनेक वर्षांनी लायब्ररीत तो हातात घेतला तेव्हा मला आधी वाटले की चुकून मुलांच्या चित्रांचे पुस्तक काढले. पानोपानी हसरी, चिखलात खेळणारी, विचारात पडलेली मुले. सरकारी अहवाल असा कुठे असतो! आत लिहिलेले मात्र गंभीर होते. शारीरिक शिक्षा बंद करा. नंबर लावणे बंद करा. नापास करून मुलाला मागे ठेवण्यापेक्षा ज्याला त्याला त्याच्या गतीने पुढे जाऊ द्या. मूल शाळेसाठी नसून शाळा मुलासाठी आहे, हा सगळ्याचा इत्यर्थ. यावर टीकाही सडकून झाली. मॅकमास्टर विद्यापीठातले इतिहासाचे प्राध्यापक जेम्स डेली यांनी दुसऱ्याच वर्षी एक पुस्तिका काढली आणि तिच्या नावातच विचारले की हे शिक्षण आहे की मोलॅसिस, म्हणजे उसाची मळी? सांगलीच्या बाजूच्या वाचकांना मळीचा वास आणि चिकटपणा वेगळा सांगायला नको.

माझे स्वतःचे मत विचाराल तर दोघेही थोडे थोडे बरोबर होते. मारू नका, लाजवू नका, हे सांगणे सोपे. पण पट्टा खणातून काढून टाकल्यावर त्या जागी काय ठेवायचे, हे प्रत्येक शिक्षिकेला आपापल्या वर्गात, आपापल्या पोरांसमोर शोधावे लागले. कित्येकींना सापडले नाही. मला तर सुरुवातीला शोधायचे आहे हेही कळले नाही.

आता आमच्या घरात येते. आमचा मुलगा मिरजेत जन्मलेला, इथे आलो तेव्हा दीड-दोन वर्षांचा. १९७८ साली तो किंडरगार्टनमध्ये गेला. पहिल्याच पालकसभेत त्याच्या शिक्षिकेने मला शेजारी बसवून घेतले. बाई अतिशय प्रेमळ होत्या, हे मुद्दाम सांगते. मुलगा शांत आहे, गुणी आहे, पण बोलत नाही, म्हणाल्या. घरी इंग्रजीच बोलत जा, म्हणजे तो मागे पडणार नाही. शाळा, बाई, बोर्ड, कुणाचेच नाव इथे घालत नाही, कारण त्या वेळी असा सल्ला देणाऱ्या त्या एकट्या नव्हत्या. आपल्या ओळखीच्या निम्म्या घरांना तो मिळालेला आहे. त्या संध्याकाळपासून आम्ही दोघे किर्लोस्करवाडीच्या इंग्रजीत मुलाशी बोलू लागलो. 'जेवायला चल' ऐवजी 'कम फॉर डिनर'. सहा महिन्यांत तो वर्गात घडाघडा बोलू लागला आणि आम्हाला वाटले, जमले!

१९८० साली सासूबाई मिरजेहून सहा महिन्यांसाठी आल्या. आजी आणि नातू दुपारभर पत्ते खेळत. खेळत म्हणजे पाने टाकत, हसत, बोटांनी गुण दाखवत. एकदा सासूबाई मला हळूच म्हणाल्या, "पोर गोड आहे गं, पण मला वाटतं मुकं आहे." त्या थट्टेनेच म्हणाल्या. परत गेल्यावर त्या त्याच्या नावाने पत्रे पाठवीत, निळ्या आंतर्देशीय पत्रांसारख्याच त्या एअरोग्रॅमवर, आणि मी ती त्याला इंग्रजीत वाचून दाखवीत असे. पुढे पुढे सारांश सांगू लागले.

हे सगळे घडत होते तेव्हा बाहेर वारे उलट दिशेला वाहू लागले होते, आणि ते आमच्या गावीही नव्हते. ८ ऑक्टोबर १९७१ रोजी पंतप्रधान पियर ट्रुडो यांनी संसदेत बहुसांस्कृतिक धोरण जाहीर केले होते. १९६७च्या गुणपद्धतीने आपल्यासारख्यांना दार उघडले होतेच. १९७७ साली ओंटारिओ सरकारने 'हेरिटेज लँग्वेज' कार्यक्रम सुरू केला. इटालियन, युक्रेनियन, पोर्तुगीज, चिनी, कुठल्याही भाषेच्या पुरेशा पालकांनी मागणी केली, तर शाळा बोर्डाने नेहमीच्या वेळेबाहेर आठवड्याला अडीच तासांपर्यंत ती भाषा शिकवायची. 'पुरेसे' म्हणजे पंचवीस. या पंचवीसच्या आकड्यासाठी आम्ही किती फोन केले आहेत! यावरून भांडणेही झाली. हे वर्ग शाळेच्या दिवसातच बसवून दिवस अर्ध्या तासाने वाढवायचा, या कल्पनेवरून १९८०च्या दशकात टोरांटोत शिक्षक आणि बोर्ड यांच्यात चांगलीच जुंपली होती. शनिवारी सकाळी भरणाऱ्या आमच्या वर्गापर्यंत त्याची झळ आली नाही.

आमचा वर्ग १९८२च्या सप्टेंबरात स्कारबरोतल्या एका शाळेत सुरू झाला. सत्तावीस मुले, वय वर्षे सहा ते तेरा, आणि शिक्षिका मी, कारण 'तुम्ही तिकडे शिकवत होतात ना?' मी बालभारतीची पुस्तके मागवली, फळ्यावर बाराखडी काढली आणि अगदी सांगलीच्या वर्गासारखी उभी राहिले. फक्त फूटपट्टी नव्हती. पट्टा बंद झालेल्या देशात फूटपट्टी कशी चालणार? म्हणून मी डबा आणला. वर्गात इंग्रजी शब्द उच्चारला की पाच सेंट डब्यात. मला ही युक्ती फार सुधारलेली वाटली. मार नाही, ओरडा नाही, उलट थोडी गंमत. पालकांनीही मान डोलावली.

पहिल्या महिन्यात डबा खुळखुळला. दुसऱ्या महिन्यात वर्ग शांत झाला. मी घरी येऊन यजमानांना सांगितले, बघा, शिस्त लागली. ती शिस्त नव्हती. मुले मराठी बोलत होती म्हणून इंग्रजी थांबले नव्हते. मुले बोलायचीच थांबली होती. माझ्या ते लक्षात आले नाही, आणि ते आणून दिले एका अकरा वर्षांच्या मुलाने. त्याला आपण बंडू म्हणू. एका शनिवारी वर्ग सुरू व्हायच्या आत तो टेबलापाशी आला, खिशातून एक डॉलरची नोट काढली (तेव्हा डॉलरचे नाणे फारसे चालत नव्हते), तिची बारीक घडी घातली आणि डब्याच्या चिरीतून आत सरकवली. मग अत्यंत सभ्यपणे म्हणाला, "दॅट्स ट्वेंटी वर्ड्स, बाई." आणि जागेवर जाऊन बसला. पुढच्या आठवड्यात त्याने दोन डॉलरची नोट आणली. वर्गात हास्याची लाट. इतर मुले त्याच्याकडे शब्द उधार मागू लागली. मागच्या बाकावर इंग्रजी शब्दांची सावकारी सुरू झाली!

मी चिडले. बंडूच्या आईला फोन करायला नंबर फिरवला आणि मध्येच ठेवून दिला, कारण तक्रार काय करणार? नियम मी केला होता आणि त्याने तो पाळला होता. शिक्षेला किंमत लावली की ती शिक्षा राहत नाही, माल होतो, हे अकरा वर्षांच्या पोराला कळले होते.

बंडूचे मला एवढे लागले नाही. लागले ते दुसऱ्या एका मुलीचे. आठ वर्षांची, पुढच्याच बाकावर बसणारी, सप्टेंबरपासून एक अक्षर न बोललेली. मी धरून चालले होते की तिला मराठी येत नाही. डिसेंबरातल्या हळव्या थंडीत तिची आई तिला घ्यायला आली तेव्हा बूट घालता घालता ती पोरगी आईला काहीतरी सांगत होती, भराभरा, अखंड, मराठीत. मी चकित होऊन विचारले तर आई म्हणाली, "घरी तोंड बंद नसतं हो तिचं. इथे बोलत नाही. मध्येच इंग्रजी शब्द आला तर, म्हणते, माझ्याकडे पाच सेंट नाहीत." आईने हे हसत सांगितले. मीही हसले. गाडी चालवत घरी येताना मात्र डॉन व्हॅलीवर दोनदा चुकीच्या लेनमध्ये गेले.

फेब्रुवारीपर्यंत हजेरी सत्तावीसवरून सोळावर आली होती. बर्फाचे निमित्त, सर्दीचे निमित्त, हॉकीचे निमित्त. हॉकीला जाणाऱ्यांत आमचा मुलगा पहिला. पट असाच राहिला तर पुढच्या वर्षी वर्ग मिळेल का, ही चिंता होती. याच सुमारास ठाणे जिल्ह्यात शिक्षिका असलेल्या माझ्या बहिणीने एका येणाऱ्यासोबत लोणचे, भाजणी आणि एक पुस्तक पाठवले. पुस्तक अनुताई वाघांचे होते.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ही नावे मी बी. एड.ला पाठ केली होती, परीक्षेत टीपही लिहिली होती. त्यांनी काय केले ते मात्र स्कारबरोच्या बर्फात बसून पहिल्यांदा समजले. ताराबाई भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या, माँटेसोरीची पद्धत भारतीय मातीत रुजवणाऱ्यांपैकी. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ निघाला त्यात त्या होत्या. शहरात, दादरला, त्यांची बालशाळा उत्तम चालली होती. अनुताई बालविधवा, जिद्दीने शिकून पुण्यात शिक्षिका झालेल्या. १९४५ साली बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरात दोघींची गाठ पडली आणि त्याच वर्षी त्यांनी डहाणूजवळ समुद्रकाठच्या बोर्डीला ग्रामीण बालवाडी काढली.

आणि मुले येईनात! हा भाग परीक्षेच्या टिपेत नव्हता. शाळा आहे, बाई आहेत, खेळणी आहेत आणि वस्तीवरची पोरे फिरकत नाहीत. आपल्यासारख्यांनी काय केले असते? पालकांची सभा घेतली असती, शिक्षणाचे महत्त्व सांगितले असते, फार तर दंड लावला असता. ताराबाईंनी शाळाच उचलली आणि वस्तीवर, त्यांच्या अंगणात नेली. आधी पोरांना आंघोळी घालायच्या, केस विंचरायचे, मग गाणी-गोष्टी. परदेशी बनावटीची महागडी साधने कुठून आणणार? शिंपले, गुंजा, चिंचोके, पाने, खडे यांचीच साधने झाली. आज देशभर सरकारी कागदावर जो 'अंगणवाडी' शब्द छापला जातो, तो या अंगणातून निघालेला आहे.

१९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेले. (हा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे.) तिथे मुली येत नसत, कारण धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसायचे काम त्यांचे. तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र, म्हणजे भावंडासकट ये. तिला 'विकासवाडी' म्हणत. मुलगे गुरे राखायला जात. तेव्हा बाई कुरणात जाणार, गुरे चरणार आणि झाडाखाली शाळा भरणार. तिचे नाव 'कुरणशाळा'. मूल का येत नाही, हे आधी बघायचे आणि ज्या गोष्टीमुळे येत नाही ती गोष्टच शाळेत आणायची. भावंड आडवे येते? भावंडाला आत घ्या. गुरे आडवी येतात? गुरांच्या मागे जा.

मी डब्याकडे पाहिले. माझ्या वर्गात आडवे काय येत होते? इंग्रजी. तेच तर त्यांच्या कडेवरचे भावंड होते! मी त्या पोरांना सांगत होते, ते बाहेर ठेवून ये, नाहीतर पैसे टाक.

पुढच्या शनिवारी डबा फोडला. अकरा डॉलर आणि काही सेंट निघाले, त्यातले बरेचसे बंडूच्या मालकीचे. त्यातून रंगीत कागद आणि एक स्टेपलर आणला. मुलांना सांगितले की घरातली एकेक वस्तू घेऊन या, जिचे इंग्रजी नाव तुम्हाला माहीत नाही. खलबत्ता आला, पोळपाट आला, उदबत्तीचे घर, सोवळ्याचा कद, पुरणयंत्र. न बोलणाऱ्या मुलीने आजीचा अडकित्ता आणला आणि तो कसा धरायचा, सुपारी कुठे ठेवायची, आजीचे दात पडल्यावर ती काय करते, हे दहा मिनिटे सांगितले. 'तो अडकित्ता'ची 'ती अडकित्ता' झाली, मध्ये 'शार्प' आला, 'ब्लेड' आला, 'केअरफुल' आला. मी हात पाठीमागे बांधून उभी होते, चूक दुरुस्त करायला तोंड उघडू नये म्हणून जीभ दातांत धरून. इतके अवघड काम मी सांगलीच्या चार वर्षांत केले नव्हते.

त्या कागदांची मुलांनी पुस्तके केली. एका बाजूला मराठी, जमेल तसे. दुसऱ्या बाजूला इंग्रजी. महिन्यातून एक वर्ग कुणाच्या तरी घरी भरू लागला, स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती. फ्लॅटला अंगण कुठले, तेच आमचे अंगण. मग सगळे सुरळीत झाले म्हणाल तर नाही. एका सद्गृहस्थांनी 'मुलांना खेळायला पाठवत नाही, शिकायला पाठवतो' असे सांगून दोन्ही मुले काढून घेतली आणि त्यांची बाजू अगदीच चुकीची नव्हती. शुद्धलेखनाच्या बाबतीत माझा वर्ग कायम कच्चाच राहिला. जोडाक्षरे तर विचारू नका. पण जूनमध्ये पट एकवीस होता, सप्टेंबरात तीस. मी तो वर्ग पुढे चौदा वर्षे घेतला.

आपण केले ते चूक की बरोबर, हे मला शास्त्राने सांगितले ते फार उशिरा. टोरांटोच्या ओंटारिओ इन्स्टिट्यूट फॉर स्टडीज इन एज्युकेशनमध्ये जिम कमिन्स नावाचे प्राध्यापक होते, मूळचे आयर्लंडचे. द्विभाषिक मुलांवर त्यांनी १९७०च्या दशकापासून काम केले आणि १९८०च्या सुमारास एक चित्र मांडले. पाण्यावर हिमनगाची दोन टोके दिसतात, ही मुलाची घरची भाषा आणि ही शाळेची. वरून ती वेगळी दिसतात, पण पाण्याखाली नग एकच. एका भाषेत वाचायला, कारण सांगायला, गोष्ट रचायला शिकलेले मूल ते दुसऱ्या भाषेत नव्याने शिकत नाही. म्हणजे घरची भाषा तोडून शाळेची भाषा वाढत नाही. हे चित्र मी १९९०नंतर कधीतरी एका व्याख्यानात पाहिले आणि मला प्रेमळ बाईंचा १९७८चा सल्ला आठवला. तो दिला जात होता त्याच वर्षांत, सबवेने अर्ध्या तासावर, त्याच्या उलट लिहिले जात होते.

कमिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली 'एज्युकेशनल लीडरशिप' या अमेरिकन मासिकात एक लेख लिहिला. तो माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने, आता ती स्वतः शिक्षिका आहे, मला आणून दिला. त्यात टोरांटोच्या उत्तरेला यॉर्क भागातल्या एका शाळेतल्या लिसा लिओनी या शिक्षिकेच्या वर्गाची हकीकत आहे. तिच्याकडे पाकिस्तानातून आलेल्या सातवीतल्या तीन मुली होत्या. दोघी काही वर्षांपूर्वी आलेल्या, इंग्रजीत रुळलेल्या. तिसरी नुकती उतरलेली. नेहमीच्या वर्गात या तिसरीचे काय होते ते आपल्याला ठाऊक आहे. ती मागे बसते, चित्र रंगवते, आणि तिच्या प्रगतिपुस्तकावर 'शांत' असा शेरा येतो. लिओनीने तिघींना एकत्र बसवले आणि सांगितले की बोला उर्दूत, भांडा उर्दूत, लिहा दोन्हींत. काही आठवड्यांत वीसेक पानांचे एक पुस्तक तयार झाले, 'द न्यू कंट्री', देश सोडून येण्याची गोष्ट, इंग्रजी आणि उर्दू समोरासमोर. नुकती आलेली मुलगी त्यात बरोबरीची लेखिका होती. तिला लिहिता येत होतेच. इंग्रजीत येत नव्हते एवढेच. मिसिसॉगातल्या थॉर्नवुड शाळेतही लहान मुलांची अशीच दुभाषी पुस्तके झाली होती. या शाळांमध्ये मुलांना शिस्त लावायला वेगळे काही करावे लागले का, हे मी विद्यार्थिनीला विचारले. ती म्हणाली, "बाई, ज्याचं पुस्तक अर्धं लिहून झालंय तो दंगा कशाला करेल?"

आता एक गोष्ट लिहायची की नाही, यावर मी बरेच अडले. २०१५ साली सत्य आणि समेट आयोगाचा अहवाल आला. या देशातल्या मूळ रहिवाशांच्या दीड लाखाहून अधिक मुलांना शंभर वर्षांहून जास्त काळ आईबापांपासून तोडून निवासी शाळांत ठेवले गेले. शेवटची शाळा १९९०च्या दशकात, म्हणजे आपण सगळे इथे राहत असताना, बंद झाली. आपली भाषा बोलल्याबद्दल तिथे मुलांना मारले जाई, उपाशी ठेवले जाई. हजारो मुले परत आली नाहीत. ओंटारिओच्या सार्वजनिक शाळांचे जनक म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते ते एजर्टन रायर्सन १८४४ ते १८७६ प्रांताच्या शिक्षणखात्याचे प्रमुख होते. गावोगाव मोफत शाळा नेणारे तेच, आणि १८४७ साली मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी वेगळ्या निवासी उद्योगशाळांची शिफारस करणारेही तेच. टोरांटोतला त्यांचा पुतळा २०२१च्या जूनमध्ये पाडला गेला आणि पुढच्या वर्षी त्यांच्या नावाच्या विद्यापीठाने नाव बदलले. ज्या दिवशी पुतळा पडला त्या दिवशी आमच्याकडे चहाला आलेल्या मंडळींत 'एवढा मोठा शिक्षणतज्ज्ञ' आणि 'बरे झाले' असे दोन तट पडले.

माझा पाच सेंटचा डबा आणि त्या शाळा यांची तुलना मी करत नाही. तशी करणे हा त्या मुलांचा अपमान होईल. माझी मुले दुपारी आईबापांच्या गाडीत बसून घरी जात होती. पण अहवालातली जबान्यांची पाने वाचताना माझ्या मनात जे आले ते लिहिते. त्या शाळांतल्या सगळ्याच बाया दुष्ट नव्हत्या. पुष्कळजणी, मुलांचे भले होईल, अशा समजुतीत होत्या. आमच्या मुलाच्या बाईही त्याच समजुतीत होत्या. आणि मी? १९७८ साली मी माझ्या मुलाला मराठी बोलताना गप्प केले आणि १९८२ साली इंग्रजी बोलला म्हणून त्याच्याकडून पाच सेंट घेतले. दोन्ही वेळा त्याच्या भल्यासाठीच. तो हॉकीला गेला यात नवल काय?

मुलगा आता पन्नाशी ओलांडलेला, कॅल्गरीला असतो. गेल्या हिवाळ्यात त्याने फोन केला की आजीची ती निळी पत्रे अजून आहेत का? आहेत, म्हटले, नऊ आहेत. पाठवू का, वाचून दाखवू? "नको," म्हणाला, "आय वाँट टू रीड देम मायसेल्फ." तेव्हापासून दर रविवारी संध्याकाळी आमचा वर्ग भरतो, फोनवर. मी पत्रांच्या प्रती त्याला पाठवल्या आहेत. तो अक्षर अक्षर लावत जातो, मध्ये भरपूर इंग्रजी बोलतो, मी जीभ दातांत धरते. सासूबाईंचे अक्षर मोडीच्या वळणाचे, त्यामुळे मलाही कधी कधी अडायला होते. पहिले पत्र मार्च १९८१चे आहे. त्याच्या वरच्या ओळीपाशीच तो थांबला. आपले नाव त्याला ओळखू आले, पण नावाआधी 'चि.' हे काय, म्हणाला, हा शब्द अर्धाच का सोडला आहे? मी सांगितले, चिरंजीव. त्याने तो दोनदा म्हणून पाहिला आणि पुढचे अक्षर लावायला घेतले.